कौल कोण देतं? आफ्रिकेतली शकुनविद्या आणि तिच्या भाषा

आफ्रिकेतल्या शकुनविद्येवर बाहेरच्या लोकांनी गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ लिहिलं, पण त्यातलं बरंचसं साधनांपाशीच घुटमळतं. हाडं, कवड्या, ताडाच्या बिया, कोळी, रानकोल्ह्याची पावलं, विष पाजलेली कोंबडी. साधनं डोळ्यांत भरतात, त्यांचे फोटो काढता येतात, ती संग्रहालयाच्या कपाटात मांडता येतात. कौल देणारा जाणता ज्या भाषेत बोलतो ती मात्र कपाटात मावत नाही, आणि ती कानावर बसायला वर्षं जातात. या विद्येचं मर्म भाषेत आहे, असं माझं मत आहे. साधन एवढंच करतं, की शक्य असलेल्या अनेक बोलांपैकी एक पुढे सरकवतं. तो बोल कोणी जपला, कोणत्या शब्दांत जपला आणि समोरच्या माणसाने तो आपल्या अडचणीला कसा लावून घेतला, यातच सगळं येतं.

‘भविष्यकथन’ हा शब्द इथे तोकडा पडतो. जाणत्याकडे जाणारा बहुधा पुढे काय होणार हे विचारायला जात नाही. मूल सारखं आजारी का, गाभण गाय का मेली, शेजारच्या गावची सोयरीक मोडली ती कोणाच्या मनात काय होतं म्हणून, आणि आता करायचं काय, हे त्याचे प्रश्न असतात. म्हणजे कारण शोधायचं आणि उपाय ठरवायचा. आपल्याकडच्या ‘कौल लावणे’ या शब्दप्रयोगात हा अर्थ नेमका आहे, म्हणून या लेखात मी तोच धरून चालते.

आधी शब्दांचा इतिहास पाहू. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या अफाट पट्ट्यात बांटू कुळातल्या सुमारे ५०० भाषा बोलल्या जातात. त्यांत औषधपाणी आणि दैवाचं बघणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते ओळीने वाचावं. किकाँगोत न्गांगा, स्वाहिलीत म्गांगा, मलावीच्या चेवा भाषेत सिंगांगा, झिम्बाब्वेच्या शोनात नांगा, झुलूत इन्यांगा, बोट्स्वानाच्या त्स्वानात न्गाका. नातं डोळ्यांना दिसतं. तुलनात्मक भाषाशास्त्राने या सगळ्यांच्या मुळाशी ‘गांगा’ हे धातुरूप असल्याचं दाखवलं आहे. बांटू बोलणारे लोक नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरच्या प्रदेशातून पूर्वेला आणि दक्षिणेला पसरू लागले त्याला चार-पाच हजार वर्षं झाली. इतक्या जुन्या काळी त्यांच्या वस्तीत असा एक माणूस होता आणि त्याला नावही होतं, एवढं या शब्दाच्या जोरावर म्हणता येतं. कागदाचा एक कपटा नसलेल्या प्रदेशाचा इतिहास शब्दांच्या मागाने कसा लिहावा, याचा धडा जान व्हान्सिना या इतिहासकाराने विषुववृत्तीय जंगलांवरच्या आपल्या १९९० च्या ग्रंथात घालून दिला. आजचे अभ्यासक त्याच वाटेने जातात.

गांगाच्या जोडीने दुसरा एक शब्द तेवढाच दूरवर पसरला आहे, तो करणी करणाऱ्याचा. किकाँगोत न्डोकी, शोनात मुरोयी, सोथोत मोलोई, वेंडात मुलोई. स्वाहिलीत ‘कुरोगा’ म्हणजे करणी करणे. आजार बरा करणारा आणि आजार धाडणारा, ही जोडी एकाच जुन्या शब्दसंग्रहातली आहे. आफ्रिकेतल्या कौलाचं बळ आणि त्याचा धोका, दोन्ही या जोडीत आहेत.

शब्द जुना म्हणून प्रथाही जशीच्या तशी जुनी, असं मात्र धरू नये. टांझानियात जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला म्गांगा म्कू म्हणतात, आणि झाडपाल्याच्या वैद्याला वेगळा ओळखता यावा म्हणून त्याच्यापुढे ‘गावठी’ अशा अर्थाचा शब्द जोडतात. सतराव्या शतकात काँगोच्या ख्रिस्ती राज्यात कॅथलिक पाद्रीही न्गांगाच होता. झुलूत तर कामाची वाटणी झाली. इन्यांगा मुख्यतः औषधांचा, आणि कौल देणारी किंवा देणारा तो इसांगोमा. या दुसऱ्या शब्दात न्गोमा, म्हणजे ढोल आणि ढोलावरचं गाणं, डोकावतं असं मानतात. जॉन जान्झेन यांनी १९९२ साली न्गोमा या शब्दाचाच पाठपुरावा करत मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या उपचारपरंपरांवर अख्खं पुस्तक लिहिलं.

शब्दांचा दुसरा रस्ता उत्तरेकडून आणि समुद्रावरून आला, आणि मराठी वाचकाने इथे कान टवकारावेत. वाळूवर किंवा मातीवर बोटाने ठिपके काढायचे, दोन-दोन खोडत जायचं, शेवटी एक उरतो की दोन हे पाहायचं. असं चार वेळा केलं की चार ओळींची एक आकृती होते, आणि अशा आकृत्या सोळाच होऊ शकतात. या विद्येचं अरबी नाव इल्म अल्-रम्ल, वाळूची विद्या. अरबीत ती करण्याला ‘वाळूला मारणे’ म्हणतात. स्वाहिलीत ‘कुपिगा रम्ली’, म्हणजे रम्ल मारणे. उत्तर नायजेरियाच्या हौसा भाषेत ‘बुगा कासा’, म्हणजे जमिनीला मारणे. शब्द बदलले, पण क्रियापद तेच राहिलं. आणि हाच ‘रम्ल’ फारसीतून आपल्याकडे आला तो रमल. आपल्या रमलातही आकृत्या सोळाच, त्यांना म्हणतात शकल, आणि त्यांच्या मांडणीला प्रस्तार. आपण वाळू सोडून पासे घेतले इतकाच फरक.

या विद्येची सगळ्यांत देखणी मांडणी मादागास्करमध्ये आहे. तिथली भाषा बांटू नाही, अरबीही नाही. तिचं नातं थेट बोर्निओतल्या भाषांशी आहे. तिथल्या विद्येचं नाव सिकिडी. अनेक अभ्यासक हा शब्द ‘शक्ल’शी जोडतात, म्हणजे आपल्या रमलातल्या शकलाशी. जाणता फानो झाडाच्या बियांची मूठ उचलतो, दोन-दोन करून कमी करतो आणि उरलेली एक किंवा दोन बिया मांडतो. असं सोळा वेळा केलं की चार बाय चारचा चौकोन तयार होतो. तो आडवा वाचला की चार आकृत्या, उभा वाचला की आणखी चार. मग या आठांच्या जोड्या लावून आणखी आठ काढायच्या. नियम सोपा आहे: सम आणि सम, किंवा विषम आणि विषम, मिळून सम, सम आणि विषम मिळून विषम. पट मांडून झाल्यावर जाणता तो तपासून घेतो. एका ठरावीक आकृतीतल्या बियांची संख्या समच यावी लागते. विषम आली तर कुठेतरी हात चुकला, पुन्हा मांडा. मार्सिया अॅशर या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली या पद्धतीचं गणित उलगडून दाखवलं. चूक आपोआप पकडणारी ही रचना कागद-पेन्सिलीशिवाय, बोटांनी आणि ध्यानाने चालते. चार सुट्या ठिपक्यांच्या आकृतीला तिथे तारेकी म्हणतात, आपल्या रमलात तिचं नाव तरीक, मूळ अरबीत वाट. मालागासी महिन्यांची नावंसुद्धा अरबी राशींवरून आली आहेत. अलाहामादी म्हणजे मेष, अलाकाराबू म्हणजे वृश्चिक. दक्षिणपूर्व किनाऱ्यावरच्या अंतेमोरो लोकांनी तर आपली भाषा अरबी लिपीत लिहून सोराबे नावाच्या पोथ्या शतकानुशतकं जपल्या.

आता सोळाचा आकडा दिसला की लगेच अरबी प्रभाव म्हणायची घाई होते, आणि ती मला पटत नाही. शोना जाणत्याकडे हाकाता नावाच्या चार लाकडी पट्ट्या असतात. प्रत्येकीला दोन बाजू, म्हणून पडण्याचे प्रकार सोळा. दोन बाजूंच्या कुठल्याही चार वस्तू टाकल्या तरी सोळाच होणार. हे गणित आहे, प्रवास नव्हे. प्रवास सिद्ध करायचा तर नावं जुळावी लागतात. मादागास्करमध्ये ती जुळतात.

हा वाद सर्वांत तापतो तो इफाच्या बाबतीत. नैऋत्य नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांचा इफा हा आफ्रिकेतल्या कौलपरंपरांमधला सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते वाङ्मयदृष्ट्या सर्वांत श्रीमंत. बाबालावो, म्हणजे गुह्याचा बाप, समोर कोरीव लाकडी पाट ठेवतो. पाटाच्या कडेवर एशू या देवदूताचा चेहरा कोरलेला असतो. पाटावर इरोसून झाडाची बारीक पूड पसरलेली. डाव्या तळहातावर तेलताडाच्या सोळा बिया. उजव्या हाताने त्या एका झटक्यात उचलायच्या. तळहातावर एक उरली तर पुडीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. जास्त उरल्या, किंवा एकही उरली नाही, तर तो झटका धरायचा नाही. अशा आठ खुणा दोन ओळींत उमटल्या की एक ओडू सिद्ध होतो. घाईचं काम असेल तर आठ अर्धकवचं ओवलेली ओपेले नावाची साखळी एकदाच टाकतात. एकूण ओडू २५६. पहिले सोळा थोर: ओग्बे, ओयेकू, इवोरी, ओडी या क्रमाने ओफूनपर्यंत. बाकीचे त्यांच्याच जोड्यांमधून होतात.

खरं काम इथून पुढे. प्रत्येक ओडूच्या पोटात अनेक एसे असतात. एसे म्हणजे कथाकाव्य. एखाद्या जुन्या जाणत्याकडे कोणी तरी आलं होतं, त्याची अडचण अशी होती, त्याला असा नैवेद्य सांगितला, त्याने तो केला किंवा केला नाही, आणि पुढे असं झालं. येणारा माणूस, पक्षी, झाड, नदी, काहीही असू शकतं. वांडे अबिम्बोला यांनी १९७६ च्या ग्रंथात या रचनेचे आठ भाग पाडून दाखवले. काही भाग शब्दशः पाठ असावे लागतात, मधली गोष्ट सांगताना जाणत्याला थोडी मोकळीक असते. बाबालावो होण्यासाठी लहानपणापासून दहा-बारा वर्षं गुरूच्या घरी राहून हे कंठस्थ करावं लागतं. अबिम्बोला स्वतः या परंपरेतले, पुढे इफे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आतला माणूसच संपादक असल्याने त्यांच्या पुस्तकांना जी धार आहे, ती बाहेरच्यांच्या कामाला क्वचितच येते.

आलेला माणूस आपला प्रश्न मोठ्याने सांगत नाही. नाण्यावर किंवा कवडीवर ओठ ठेवून पुटपुटतो आणि ती ठेवून देतो. जाणत्याला प्रश्न ठाऊक नसतो. तो सिद्ध झालेल्या ओडूतली एकामागून एक एसे म्हणत जातो, आणि कुठली आपल्याला लागू आहे ते ऐकणारा ठरवतो. तेव्हाच संवाद सुरू होतो. विल्यम बॅस्कम यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात हे बारकाईने नोंदवलं. ‘जाणता माणसाचा चेहरा वाचून ठोकून देतो’ हा नेहमीचा आक्षेप इफाला तरी थेट लागत नाही. इथे अर्थ लावणारा प्रश्नकर्ताच असतो, आणि त्याच्या हाती आलेली गोष्ट शेकडो वर्षं तावूनसुलाखून निघालेली असते.

योरुबा भाषा सुरांची आहे. तीच अक्षरं, सूर बदलला की अर्थ वेगळा. एसे रचणाऱ्यांनी याचा पुरेपूर उपयोग केला. वनस्पतीच्या नावात दडलेलं क्रियापद आणि तिच्याकडून मागितलेलं फळ यांचा मेळ घालणारे मंत्र पियेर व्हेर्जे यांनी शेकड्यांनी गोळा केले. हे फ्रेंच छायाचित्रकार १९५० च्या दशकात स्वतः बाबालावो झाले, फातुंबी हे नाव घेतलं, आणि १९९५ साली योरुबा वनस्पतिविद्येवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. असा मंत्र भाषांतरात निम्मा मरतो. म्हणून केवळ इंग्रजी अनुवाद वाचून इफावर निकाल देणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मग इफाचं मूळ अरबी का? विम व्हान बिन्सबर्खेन यांच्यासारखे अभ्यासक तसं मांडतात. पुडीवर खुणा, सम-विषमाचा खेळ, सोळा आकृत्या, सगळं रमलाशी मिळतं. काहींनी ‘इफा’ हा शब्दच शकुन या अर्थाच्या अरबी ‘फाल’शी जोडला. योरुबा विद्वान हे बहुतेक मान्य करत नाहीत. शेजारच्या भाषांत पाहिलं तर फोन लोकांचा फा, एवेंचा अफा, इग्बोंचाही अफा. आणि आकृत्यांची नावंही नात्यातली. योरुबा ओग्बे, ओयेकू, इवोरी, ओडी यांना फोन लोक ग्बे, येकू, वोली, डी म्हणतात, तर इग्बो ओबी, अक्वू, ओगोली, ओडी. या यादीत अरबीचा मागमूस नाही, मादागास्करच्या यादीत तो पावलोपावली आहे. माझा निष्कर्ष असा, की सांगाड्यात उत्तरेकडचं काही मिसळलं असेलही, पण इफाची भाषा, कथा आणि देवता याच मातीतल्या आहेत. इफाने इस्लामलाच आपल्यात जागा दिली. ओतुरा या ओडूत मुसलमानांच्या कथा आहेत.

हे सगळं किती जुनं? जर्मनीतल्या उल्म शहराच्या संग्रहालयात आजच्या बेनिनमधल्या अल्लाडाहून नेलेला एक पाट आहे. उल्ममधल्याच एका व्यापाऱ्याच्या संग्रहाच्या १६५९ सालच्या यादीत तो नोंदलेला सापडतो. म्हणजे शिवाजी महाराजांनी अफजलखानाला गाठलं त्या वर्षी हा पाट युरोपात पोहोचलेला होता.

इफाची धाकटी बहीण म्हणजे सोळा कवड्यांचा कौल. त्याचं नावच ‘सोळा’, आणि योरुबा मोजणीत सोळा म्हणजे विसाला चार कमी. बॅस्कम यांनी ओयो शहरात १९५१ साली सालाको या जाणत्याकडून त्याची काव्यं उतरवून घेतली. पुस्तक निघायला १९८० साल उजाडलं. गुलामांच्या जहाजांतून ही विद्या अटलांटिक ओलांडून गेली. क्यूबात आजही बाबालावो नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सबंध वर्षाचा ओडू जाहीर करतात, ब्राझीलमध्ये कवड्या टाकल्या जातात. युनेस्कोने २००५ साली इफाला मानवजातीच्या मौखिक वारशात गौरवलं आणि २००८ साली प्रातिनिधिक यादीत घेतलं.

बाकीच्या परंपरांकडे जरा भरभर जाऊ. झुलूंमध्ये बोलणं दोघांत वाटलेलं असतं. इसांगोमा एक-एक विधान करते, आलेली मंडळी ‘सियावुमा’, म्हणजे ‘मान्य आहे’, असा घोष करतात. हेन्री कॅलवे या मिशनऱ्याने १८६८ ते १८७० दरम्यान झुलू माणसांच्याच शब्दांत नोंदी छापल्या, शेजारी इंग्रजी. त्यांत लोक काठ्यांनी जमीन ठोकतात, आणि विधान नेमकं लागलं की ठोका वाढतो. आपल्या ठोक्यातून जाणत्याला वाट मिळते हे लोकांना कळत होतं, असं त्या नोंदींवरूनच दिसतं. मोझांबिकजवळच्या त्सोंगा लोकांच्या अस्थिसंचात शेळीच्या घोट्याची हाडं म्हणजे सामान्य गावकरी, मेंढीची म्हणजे राजघराणं. आंरी-अलेक्सांद्र ज्युनो यांनी दाखवलं, की पसरलेल्या चटईवर अख्खा समाजच उतरतो. सोथो जाणत्यांना हाडांच्या प्रत्येक पडण्याची स्तुतिकवनं पाठ असतात, राजांच्या पोवाड्यांच्याच घाटाची. झांबियातल्या न्डेम्बूंची टोपली व्हिक्टर टर्नर यांनी जगापुढे आणली. तिच्यातल्या चिमुकल्या मूर्तींत चामुतांगा नावाची एक आहे: गुडघ्यांवर कोपरं, हातांत हनुवटी, मन ठरत नसलेला माणूस. टोपली हलवली, की जे वर येतं त्यावरून जाणता पुढचं बोलू लागतो.

दक्षिण सुदानच्या झांडे लोकांचा बेंगे हा विषाचा कौल आपल्याला कळायला सोपा आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला उजवा-डावा कौल लावतात त्याच जातीचा. कोंबडीच्या पिल्लाला विष पाजून विषालाच उद्देशून लांबलचक बोलायचं: अमुक खरं असेल तर मार. मग दुसऱ्या पिल्लावर उलटा प्रश्न. दोन्ही उत्तरं जुळली तरच कौल पक्का. एव्हान्स-प्रिचर्ड यांच्या १९३७ च्या ग्रंथाने या लोकांच्या विचाराची तर्कशुद्धता दाखवून दिली, आणि पुढच्या सगळ्या चर्चेला तोच पाया झाला. कॅमेरूनच्या माम्बिला गावात बिळातल्या कोळ्यापुढे खुणांची पानं ठेवतात, डोगोन लोक वाळूतल्या चौकटींवर रात्री फिरलेल्या कोल्ह्याची पावलं सकाळी वाचतात. माम्बिलांमध्ये अनेक वर्षं राहिलेले डेव्हिड झाइटलिन यांनी मात्र पानांपेक्षा माणसांचं बोलणं शब्दशः उतरवून त्याचं विश्लेषण केलं. अर्थ कसा घासाघीस करत ठरतो, हे त्यात स्वच्छ दिसतं. पुढच्या संशोधनाची दिशा मला इथेच दिसते.

कधी कधी जाणत्याची भाषा मुद्दामच वेगळी असते. इग्बोंच्या अफाची भाषा रोजच्या इग्बोपेक्षा निराळी आहे. न्री गावच्या परंपरेवर ओन्वुएजिओग्वू यांनी १९९७ साली पुस्तकच लिहिलं. ती शिकल्याशिवाय घरचा माणूससुद्धा ऐकत बसतो, समजत नाही. अशा भाषा आधी मरतात.

बाहेरच्या शब्दांनीही या विद्येचं नुकसान केलं. इफाच्या पाटावरून माणूस आणि देव यांच्यात निरोप नेणारा एशू योरुबा बायबलमध्ये सैतान झाला. एका शब्दाच्या निवडीने देवदूत शत्रू बनला, आणि पाट घरात ठेवणं पाप ठरलं. तरीही भाषा सोडत नाही. फागुनवा, फालोला या आडनावांतला ‘फा’ म्हणजे इफा, अवोलोवो यातला ‘अवो’ म्हणजे गुह्य. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतही ही नावं चालतात.

पण प्रेमापोटी एक गोष्ट झाकायची नाही. कौल जेव्हा कारण म्हणून माणसाचं नाव घेतो, तेव्हा त्या माणसाच्या जिवावर बेततं. एकट्या म्हाताऱ्या बायका यात बळी पडत आल्या आहेत. टांझानियात रंगहीन त्वचेच्या लोकांच्या हत्या झाल्या, त्यांत काही म्गांगांचा हात होता, आणि २०१५ साली सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेने १९५७ च्या कायद्याने कोणावर करणीचा आरोप करणं गुन्हा ठरवलं आणि २००७ च्या कायद्याने इसांगोमांना पारंपरिक आरोग्यसेवक म्हणून नोंदणीचा मार्ग दिला. आरोपाला शिक्षा आणि विद्येला मान्यता, ही विभागणी मला योग्य वाटते. सगळंच अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं तर २५६ ओडूंचं वाङ्मय जातं, आणि सगळंच संस्कृती म्हणून डोक्यावर घेतलं तर ती म्हातारी जाते.

या सगळ्यात आपल्या वाट्याचंही एक काम आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या पोथीसंग्रहांत रमलाच्या पोथ्या आहेत. त्यांतली सोळा शकलांची नावं, स्वाहिली किनाऱ्यावरची रम्ली आणि मादागास्करची सिकिडी एकत्र ठेवून पाहिली, तर हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर एकच विद्या कशी बोलली गेली ते नावानिशी मांडता येईल. फारसी किंवा अरबी जाणणाऱ्या, मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावं. आपल्या वाड्यात किंवा घरात अशी पोथी असेल, तर ती रद्दीत जाऊ देण्याआधी जवळच्या इतिहास मंडळाला दाखवा.